नॅनो दवा सरळ गाठीवरच जाते काय? दोन एकर काढायच्या आधी हे वाचा

आर्वीकडच्या एका भाऊनं विचारलं आहे, थोडक्यात असं. मावशीला अंडाशयाचा कॅन्सर, नागपूरला ऑपरेशन झालं, किमो झाली, वर्ष-दीड वर्ष बरं गेलं अन् आता परत गाठी दिसून राहिल्या. डॉक्टरनं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन लिहिलं. बाजूच्या बेडवाल्यानं सांगितलं की ही नॅनो दवा आहे, सरळ गाठीवर जाते, बाकी शरीराला हातच लावत नाही, म्हणून महाग. साधी डॉक्सोरुबिसिन स्वस्तात येते, ही तिच्या कितीतरी पट. घरचे दोन एकर काढायला तयार आहेत. तर हे खरं आहे काय, अन् खरंच एवढा फरक पडते काय?

आधी माझं सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, फार्मसीवाला माणूस आहे. नागपूरला एम. फार्म. केलं, मग नऊ वर्षं कंपनीत हेच लायपोसोम बनवायचं काम केलं, अन् आता बारा वर्षांपासून तालुक्याला मेडिकल चालवतो, सोबत एका दवाखान्याची फार्मसी पाहतो. म्हणजे ही दवा बनतानाही पाहिली अन् पेशंटच्या हातात जातानाही पाहिली. मावशीला काय द्यायचं ते तिचे डॉक्टरच ठरवतील, मी फक्त ही दवा अंगात जाऊन काय करते ते सांगतो.

तर सरळ गाठीवर वगैरे काही जात नाही भाऊ. तिच्यात ना इंजिन आहे ना ड्रायव्हर. रक्त नेईल तिकडं जाते, शरीर अडवेल तिथं अडकते. तरीही ती कामाची आहे, फक्त कारण वेगळं आहे, अन् ते कारण समजलं तरच पैसे कशाचे देऊन राहिलो ते समजते.

आता ही चीज आहे काय? एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर. हा कण साधारण ८०-९० नॅनोमीटरचा. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, म्हणजे पेशी जर घरातलं टोपलं समजली तर कण म्हणजे त्याच्या बाजूला पडलेला तुरीचा दाणा. आतून पोकळ, आत पाणी अन् दवा, वरून चरबीचं दुहेरी साल. यालाच लायपोसोम म्हणतात. ही चरबी काही वेगळी नाही, आपल्या पेशींचं साल ज्या जातीच्या चरबीचं असते त्याच जातीची.

कॉलेजात पहिल्यांदा बनवलं ते अजून डोळ्यासमोर आहे. चरबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायची, गोल फ्लास्क गरम पाण्यात फिरवत ठेवायचा, क्लोरोफॉर्म उडून गेलं की काचेला आतून एक पातळ पापुद्रा राहते, डोळ्याला धड दिसतही नाही. त्यावर पाणी टाकून हलवलं की पापुद्रा सुटून आपोआप गोळे होतात अन् पाणी दुधासारखं पांढरं होते. पण हे गोळे लहानमोठे, कोणता कण केवढा त्याचा हिशोबच नाही. मग ते दूध १०० नॅनोमीटर भोकाच्या चाळणीतून दाबानं परत परत काढायचं, दहा-पंधरा वेळा. दर वेळेला ते थोडं थोडं पातळ दिसू लागते अन् शेवटी प्रकाशात धरलं तर निळसर झाक मारते, पाणी टाकलेल्या दुधासारखी. ती झाक आली की सर म्हणायचे, झालं. त्या दिवशी मला वाटलं होतं आपण कॅन्सर जिंकला, असो.

दवा आत भरायची युक्ती त्याहून भारी आहे. आत अमोनियम सल्फेटचं पाणी ठेवतात, बाहेर ते नसते, अन् या फरकामुळं डॉक्सोरुबिसिन स्वतःच आत ओढली जाते अन् आत गेल्यावर तिचे बारीक खडे बनतात. खडा झाला की सालातून बाहेर यायची सोय नाही. म्हणून ती वाटेत फारशी गळत नाही.

पेशींसारखे हे गोळे पहिल्यांदा ओळखले ते इंग्लंडात केम्ब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी, १९६० च्या दशकात. अन् त्यातून अमेरिकेत परवानगी मिळालेली पहिली दवा डॉक्सिल, म्हणजे हीच लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, ती आली १९९५ मध्ये. मधली तीस वर्षं कुठं गेली? बरीचशी एका भानगडीत गेली, ती म्हणजे आपल्या शरीराचा कोंडवाडा.

गावात मोकाट ढोर दिसलं की कोंडवाड्यात टाकतात, तसं रक्तात कोणताही अनोळखी कण दिसला की लिव्हर अन् प्लीहा त्याला पकडतात. लिव्हरमध्ये कुप्फर नावाच्या पेशी रक्ताच्या वाटेवर बसूनच असतात, कण आला की गिळला. रक्तात उतरल्या उतरल्या कणावर रक्तातली प्रोटीन चिकटतात अन् तीच या पेशींना खूण देतात की हा आपला नाही, धरा. सुरुवातीचे लायपोसोम असे तासाभरात, कधी मिनिटांत साफ व्हायचे. गाठीपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता.

यावर उपाय निघाला पेगचा. पेग म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, जुलाबाच्या पावडरमध्येही असते ते. त्याच्या लांब लांब साखळ्या कणाच्या सालावर केसासारख्या उभ्या केल्या की त्या पाणी धरून ठेवतात अन् प्रोटीनला चिकटायला जागा मिळत नाही. तेल लावलेला पहिलवान कसा कोणाच्या हाती लागत नाही, तसा हा कण, फक्त तेलाच्या जागी पाण्याचं कवच. त्यामुळं डॉक्सिलसारखा कण रक्तात दोन-तीन दिवस फिरत राहते. साधी डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांतच रक्तातून निघून अंगभर पसरते.

आता गाठीचं. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लवकर समजेल. नळी उंदरानं नाहीतर खारीनं कुरतडली की बाकी ठिकाणी थेंब थेंब अन् तिथं मात्र भसाभस पाणी. गाठीतल्या रक्तवाहिन्या अशाच असतात, घाईघाईत वाढलेल्या, भोकाभोकाच्या. चांगल्या ठिकाणी १०० नॅनोमीटरचा कण नळीच्या बाहेर पडत नाही, गाठीत मात्र पडते. अन् वरून गाठीत निचरा नाही, म्हणजे लिम्फच्या नाल्या धड काम करत नाहीत, भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहते तसं. आत गेलेलं तिथंच राहते. हे जपानच्या मात्सुमुरा अन् माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं अन् मग तीसेक वर्षं सगळी दुनिया त्याच्यावर चालली. "थेट गाठीवर" ही भाषा इथूनच आली. बाजूच्या बेडवाल्यानं काही मनानं नाही सांगितलं.

पण काळ्या जमिनीचंच पाहा ना, एकदा पाणी तुंबलं की वरून आणखी टाकलेलं आत शिरत नाही. गाठीच्या आतही तसाच दाब असते, कण कडेला अडकतात अन् मधात पोचतच नाहीत. शिवाय उंदराच्या पाठीवरची गाठ पंधरा दिवसांत फुगते, ती माणसाच्या गाठीपेक्षा कितीतरी जास्त गळकी. २०१६ मध्ये टोरंटोच्या लोकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग, तेही जास्त करून उंदरांवरचेच, एकत्र करून हिशोब काढला. टोचलेल्या डोसातला गाठीत पोचला किती, तर मधला आकडा ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही! आमच्या धंद्यात तेव्हा बरीच तोंडं उतरली होती. मला विचाराल तर बरं झालं कोणीतरी मोजलं.

मग तुम्ही म्हणाल, कायले पैसे द्यायचे? द्यायचे ते हृदयासाठी. साधी डॉक्सोरुबिसिन जबरदस्त दवा आहे पण हृदयाच्या स्नायूला खाते, म्हणून आयुष्यभरात किती द्यायची याला मर्यादा असते, साधारण ४५०-५५० मिलिग्रॅम दर चौरस मीटर, अन् अ‍ॅन्थ्रासायक्लिन घराण्यातली (डॉक्सोरुबिसिनच्याच घराण्यातली) दुसरी दवा आधी झाली असेल तर तीही त्याच हिशोबात धरतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या घट्ट, तिथं कण बाहेर पडत नाही. दवा सालात बंद, म्हणून हृदयाला एकदम झटका बसत नाही. केस जाणंही कमी. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साधी अन् लायपोसोमल समोरासमोर ठेवून पाहिलं तेव्हा कॅन्सरवर काम साधारण सारखंच निघालं, पण हृदयाचा त्रास लायपोसोमलमध्ये बराच कमी. म्हणजे जास्त मारते म्हणून महाग नाही, कमी बिघडवते म्हणून महाग. परत आलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ही नेहमीच्या वापरातली दवा आहे, त्यामुळं डॉक्टरनं काही जगावेगळं लिहिलं असं नाही. पण ही दिली की गाठ गेली असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

अन् एक त्रास ही दवा नवीन घेऊन येते, तो मावशीला आधीच सांगून ठेवा. दोन-तीन दिवस फिरणारे कण तळहात-तळपायाला, जिथं दाब पडते, घासते, गरम होते, तिथं थोडे थोडे झिरपतात. मग हातपाय लाल होतात, चुरचुरतात, कधी साल निघते, फोडही येतात. माझ्याकडं एक बाई यायची, डोस झाल्यावर तिसऱ्याच दिवशी निंदायला गेली, विळा धरून धरून हात असे सोलले की पुढचा डोस लांबला. तर डोसानंतरचे काही दिवस निंदण नाही, कापूस वेचणी नाही, गरम पाण्यानं भांडी नाही, चुलीपुढं बसणं नाही, चप्पल सैल, पाणी थंडसर. बायका ऐकत नाहीत हे मला माहीत आहे, तुम्ही घरात कोणाला तरी भांड्याला लावा.

पहिल्या डोसाच्या वेळी कधी कधी सुरुवातीच्या मिनिटांतच चेहरा लाल, छाती भरल्यासारखी, श्वास लागल्यासारखा होते. शरीर इतके सारे कण एकदम पाहून बिथरते, त्याचा हा प्रकार. म्हणून सुरुवातीला सलाईन अगदी हळू सोडतात. तिथं बसलेल्या माणसानं घाई आहे म्हणून चाक फिरवून वेग वाढवायचा नाही. हसू नका, असं करणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

आता मूळ गोष्ट. एवढी वर्षं पाहून माझं मत असं झालं आहे की या कणांना जबरदस्तीनं कुठं पाठवायच्या नादात जेवढं हाती लागलं, त्याहून जास्त तिथं लागलं जिथं ते तसेही जाणारच होते. म्हणजे कोंडवाड्यातच. तुमच्या गावच्या पीएचसीतच पाहा ना. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन कमी आलं की कोऱ्या चहासारखी काळपट बाटली लावतात, आयर्न सुक्रोजची. ती नॅनोच आहे! मधोमध लोखंडाचा काही नॅनोमीटरचा दाणा, वरून साखरेचं कवच. उघडं लोखंड रक्तात सोडलं तर विष आहे, पण कवचातला दाणा लिव्हर-प्लीहातल्या त्याच गिळणाऱ्या पेशी उचलतात अन् हळूहळू लोखंड काढून देतात. लोखंड साठवायचं शरीराचं कोठार तसंही तिथंच आहे. पेग नको, काही नको. गावातल्या आशाताईला सांगितलं की तुम्ही नॅनोटेक्नॉलॉजीसाठी बायका घेऊन जाता, तर तिला वाटलं मी थट्टा करून राहिलो.

काळा आजार, बिहारकडचा. त्याचा परजीवी राहते कुठं, तर नेमका याच गिळणाऱ्या पेशींच्या पोटात. चोरच कोंडवाड्यात लपलेला! म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिन नावाची दवा लायपोसोममध्ये भरून दिली की पेशी स्वतःच दवा गिळून चोराजवळ नेऊन देते. २०१० मध्ये बिहारचा अभ्यास छापून आला, त्यात लायपोसोमलच्या एकाच डोसानं ९५ टक्क्यांवर लोक बरे झाले. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन त्याच अभ्यासात दिवसाआड करत १५ वेळा, महिनाभर भरती ठेवून दिलं होतं, अन् निकाल जवळपास तोच. रोजमजुरीवाल्या माणसाला एक दिवस अन् एक महिना यात काय फरक आहे ते मी काय सांगू. २०१८ मध्ये पॅटिसिरान नावाची दवा आली, एका आनुवंशिक आजारावरची, तीही चरबीच्या कणातली अन् तिचं कामही लिव्हरमध्येच. पेशीला हुकूम देणारा आरएनए चरबीच्या कणात बसवायची हीच जात पुढं कोविडच्या एमआरएनए लसीत वापरली. पुण्याच्या जेनोव्हाच्या लशीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती कोरड्या पावडरीत होती म्हणून २ ते ८ अंशावर, साध्या लशीच्या फ्रिजमध्ये टिकायची. आमच्याकडं ४६-४७ अंश अन् वरून लाइन जाते, इथं टिकण्याची गोष्ट पहिली, बाकी विज्ञान मागून.

अ‍ॅम्फोटेरिसिनवरून मे २०२१ आठवते. काळी बुरशी. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा वायली, अन् बाजारात एकही नाही. पोट्टे नागपूर-अमरावती-हैदराबाद फिरून राहिले होते. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन दिलं की थंडी वाजून ताप, अन् किडनी खराब व्हायची भीती, म्हणून सगळ्यांना लायपोसोमल पाहिजे. महिन्याच्या शेवटी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसनं अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन काढलं, तेही चरबीच्या बारीक थेंबातलं, तेव्हा थोडा श्वास घेता आला. त्याच दिवसांत एका दवाखान्यात मी वायली घेऊन गेलो, तर थकलेली सिस्टर, रात्रभर जागी, ती नॉर्मल सलाईनची बाटली हातात घेऊन उभी. मी ओरडलोच. मिठाच्या पाण्यात ही दवा फुटते, गाळ होते, फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालते. आधी साध्या निर्जंतुक पाण्यात वायल अर्धा मिनिट जोरानं हलवायची, पिवळं धूसर पाणी होते, मग सोबतच्या फिल्टरमधून डेक्स्ट्रोजमध्ये. सिस्टरची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सहा वायली अन् त्यामागं कोणाचे तरी विकलेले बैल, एका मिनिटात नालीत गेले असते.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनही डेक्स्ट्रोजमध्येच देतात. अन् इथंच तुम्हाला डोळे उघडे ठेवायचे आहेत. साधी अन् लायपोसोमल, नाव जवळपास एक, पण डोस वेगळे अन् वागणं वेगळं, एकीच्या जागी दुसरी तेवढेच मिलिग्रॅम म्हणून कधीच चालत नाही. साधीचं पाणी रुहअफजासारखं स्वच्छ लाल दिसते, आरपार. लायपोसोमल धूसर लाल, बोट मागं धरलं तर अंधुक. बॉक्सवर "लायपोसोमल" नाहीतर "पेगिलेटेड लायपोसोमल" लिहिलेलं पाहिजे. २ ते ८ अंशावर ठेवायची, पण बर्फ होऊ द्यायची नाही, गोठली तर कण फुटतात. म्हणून नागपूरहून आणताना बर्फाच्या पाकिटाला वायल चिकटवून ठेवू नका, मधात कागद नाहीतर थर्माकोल ठेवा.

आपल्या देशी कंपनीची घेतली तर कमी पडेल ही भीती काढून टाका. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा त्यांच्या एफडीएनं, म्हणजे दवांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं, आपल्या सन फार्माची लिपोडॉक्स मागवू दिली, अन् २०१३ मध्ये सनच्या जेनेरिकला रीतसर परवानगी दिली. अमेरिकेतल्या मावशीला चालली ती आर्वीच्या मावशीलाही चालते.

हां, नॅनो नावावर मेडिकलात अन् साखळीवाल्यांच्या मिटिंगमध्ये जे विकून राहिले, नॅनो हळद, नॅनो सोनं, कॅन्सरवर रामबाण, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. नॅनो युरियाचाही नाही, तेही एकानं मला विचारलं होतं. उलट फवारणीच्या ज्या बाटलीवर सीएस लिहिलेलं असते, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ सीएस वगैरे, ती या दवेची लांबची बहीण म्हणता येईल, विषाचे कण कॅप्सूलमध्ये बंद, हळूहळू सुटणारे. कण फक्त बरेच मोठे.

आता दोन एकर. डॉक्टरला सरळ विचारा, मावशीला लायपोसोमलच कायले? आधीच्या किमोत हृदयावर जाणारी दवा किती झाली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केली काय, तिच्या जागी दुसरी कोणती स्वस्त दवा चालते काय, अन् चार डोसानंतर गाठ हललीच नाही तर आपण थांबायचं काय. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. मग दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असते तिथं जा, रेशनकार्ड अन् आधार घेऊन, अन् महात्मा फुले योजनेत हा डोस बसते काय ते या दवेचं पूर्ण नाव सांगून विचारा, नुसतं "किमो बसते काय" असं नाही. एका ठिकाणी नाही म्हटलं तर योजनेतल्या दुसऱ्या दवाखान्यात विचारा. हे सगळं झाल्याशिवाय सातबारा कोणाला दाखवू नका.

डोस भरायच्या आधी बॉक्सचा फोटो काढून ठेवत जा, नाव, बॅच नंबर, तारीख दिसेल असा. पहिला फोटो मला पाठवला तरी चालते, मी पाहून सांगतो.